न जुळणाऱ्या हिशेबाचं गाव

मैत्रिणींनो, जिनिव्हाला जाऊन आलेल्या बायका काय सांगतात ते आता आपल्याला पाठ झालं आहे. निळंशार तळं, तळ्यातून 140 मीटर उंच उडणारं कारंजं, घड्याळांची दुकानं, चॉकलेटं आणि दूरवर माँ ब्लाँचं बर्फाचं शिखर. हे सगळं मीही पाहिलं आणि छानच आहे ते. पण आज मी तुम्हाला नेणार आहे ती तळ्याकडे पाठ करून जाणाऱ्या ट्रॅममधून. 18 नंबरची ट्रॅम. मोठ्या स्टेशनावरून निघते, शहर मागे टाकते आणि 20-25 मिनिटांत आपल्याला शेवटच्या थांब्यावर उतरवते. थांब्याचं नाव आहे 'सर्न'.

मी तिथे गेले 2024 च्या मे महिन्यात, लेकीकडे. सगळ्यांना सांगितलं, फिरायला चालले आहे. खरं सांगू? मी तिला परत आणायला गेले होते.

आमची लेक सैद्धांतिक भौतिकशास्त्रात काम करते. पदार्थाचे सगळ्यांत बारीक कण कुठले, ते एकमेकांशी कसे वागतात, याचं गणित मांडायचं, हे तिचं काम. आधी दोन वर्षं एका देशात, मग तीन वर्षांची नेमणूक सर्नमध्ये, आणि त्यापुढे काय ते ठाऊक नाही. वय 32. सांगलीत आमच्या भिशीत दर महिन्याला कुणीतरी विचारायचंच, "तुमची मुलगी नेमकं करते काय हो?" मी म्हणायची, "संशोधन." "म्हणजे औषधं शोधते?" नाही. "यंत्रं बनवते?" नाही. "मग?" या 'मग'पाशी माझी गाडी अडायची आणि मी चिवड्याची बशी पुढं करायची. निघताना ह्यांनीही बजावलं होतं, "रागावू नकोस तिला. पण पुढं काय ठरवलंयस, एवढं मात्र नक्की विचार."

सर्नची स्थापना 1954 सालची. युरोपातल्या 12 देशांनी मिळून, महायुद्धाचे घाव ताजे असताना, ही प्रयोगशाळा काढली. ती बसली आहे थेट सीमेवर. थोडी स्वित्झर्लंडमध्ये, थोडी फ्रान्समध्ये. लेक राहते तीही सीमेपलीकडे फ्रान्समधल्या गावात, कारण तिकडे भाडं कमी. रोज सकाळी ती बसनं एका देशातून दुसऱ्या देशात कामाला जाते, आपण सांगलीहून मिरजेला जावं तशी!

माझ्या मनात होतं, काचेचे चकचकीत मनोरे असतील. पाहते तर काय, आपल्याकडच्या जुन्या साखर कारखान्याची वसाहत असावी तशा साध्या इमारती. रंग उडालेला, दारावर नुसते नंबर. रस्त्यांना मात्र शास्त्रज्ञांची नावं, हा आइनस्टाइन रस्ता, तो फाइनमन रस्ता. आणि खरी गंमत पायाखाली. जमिनीखाली साधारण 100 मीटर खोल 27 किलोमीटर घेराचा बोगदा आहे. त्यात प्रोटॉन नावाचे कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं समोरासमोर आणून आदळवतात. त्यांना वळवणारी लोहचुंबकं उणे 271 अंशांपर्यंत थंड ठेवावी लागतात. आणि ती अजस्र चुंबकं अगदी बिनचूक जागी तोलून धरण्यासाठी जे सुमारे 7 हजार जॅक बसवले आहेत, ते भारतानं दिलेले. आपल्या इंदूरच्या केंद्रात त्यांचा आराखडा तयार झाला. हे ऐकून माझी मान उगाचच ताठ झाली. बोगदा पाहायला मिळाला नाही, कारण यंत्र चालू असलं की खाली कुणाला सोडत नाहीत. वर मात्र शेतं, द्राक्षांचे मळे, आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गाई निवांत चरताहेत.

दोन इमारतींच्या मध्ये एका मोकळ्या जागी नटराज उभा आहे, माणसाहून उंच. भारत सरकारनं दिलेली ही मूर्ती 2004 च्या जून महिन्यात तिथे बसवली. मी सवयीनं चप्पल काढली आणि हात जोडले. शेजारून जाणारा एक उंच गोरा मुलगा थांबला, हसला आणि सायकलवरून उतरून चालत गेला. का कोण जाणे, मला ते आवडलं.

मग लेकीनं मला तिच्या मजल्यावर नेलं. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि प्रत्येक खोलीत फळा. खडूनं गच्च भरलेला. मी विचारलं, "तुझं यंत्र कुठं आहे?" तिनं खडू उचलून दाखवला. "हे." मग टेबलावरचा संगणक दाखवून म्हणाली, "आणि थोडंसं हे." फळ्यावर आकडे होते, ग्रीक अक्षरं होती आणि नागमोडी रेघांच्या लहान लहान आकृत्या. मला तर त्या ठिपक्यांच्या रांगोळीसारख्याच वाटल्या; कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा याचे नियम ठरलेले. "अशा किती काढता गं?" तर म्हणाली, किनोशिता नावाचे एक जपानी गणिती होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकाच आकड्यासाठी अशा 12,672 आकृत्यांचा हिशेब केला. 2012 साली तो छापून आला. आयुष्यातली कित्येक दशकं त्यांनी त्या एका आकड्याला दिली आणि 2023 साली 98 वर्षांचे होऊन गेले.

दुपारी आम्ही कँटीनच्या गच्चीत जेवायला बसलो. समोर माँ ब्लाँ, आणि टेबलांवर सगळ्या देशांची माणसं. बोलणं चाललं होतं पीटर हिग्ज यांचं. एप्रिलच्या 8 तारखेला, म्हणजे महिन्याभरापूर्वीच ते 94 व्या वर्षी वारले होते. 1964 साली त्यांनी कागदावर लिहून ठेवलं होतं की असा असा एक कण असला पाहिजे. ब्रुसेल्सच्या आँग्लेर आणि ब्राउट या दोघांनीही त्याच साली तोच विचार मांडला होता. कण सापडला तो 2012 च्या जुलैमध्ये, याच आवारात. 48 वर्षांनी! सभागृहात हिग्ज डोळे पुसत बसले होते. ब्राउट मात्र आदल्याच वर्षी गेले होते. आणि या जातीच्या कणांना 'बोसॉन' म्हणतात ते आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून, बरं का.

मी पटकन म्हटलं, "म्हणजे तुझंही असं कधीतरी खरं होईल की!" लेक हसली. "आई, खरं ठरलं त्यांचीच नावं आपल्याला कळतात. तेवढ्याच हुशारीनं, तेवढ्याच कष्टानं मांडलेलं आणि खोटं निघालेलं कितीतरी असतं. ते कुणाला माहीत नसतं." तिच्या तोंडून हे ऐकताना माझ्या पोटात कालवलं. मुलगी तारुण्याची वर्षं अशा कामाला देते आहे, की जे कदाचित नुसतंच चुकीचं ठरेल?

तो प्रश्न मी संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात विचारला. मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. मी पिठलं ढवळत होते, ती कांदा चिरत होती. म्हटलं, "मला समजेल असं सांग. तू रोज काय करतेस?"

तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत तुम्हाला सांगते. इलेक्ट्रॉन आपण शाळेत शिकलो. त्याचा एक भाऊ आहे, म्यूऑन. वजनानं इलेक्ट्रॉनच्या सुमारे 207 पट. आयुष्य मात्र सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट. आकाशातून असे म्यूऑन सतत आपल्यावर पडत असतात. तुम्ही हे वाचता आहात तेव्हाही तुमच्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक आरपार जातो आहे. हा म्यूऑन म्हणजे एक चिमुकलं लोहचुंबक. त्याचा जोर जुन्या गणिताप्रमाणे बरोबर 2 यायला हवा. प्रत्यक्षात तो 2 पेक्षा किंचित जास्त येतो. का? तर रिकामी जागा खरोखर रिकामी नसते म्हणून. तिथे क्षणभर कण येतात, म्यूऑनला भेटतात आणि नाहीसे होतात. त्यांच्या येण्याजाण्यानं तो आकडा बदलतो.

मी म्हटलं, "अगं, म्हणजे साखरेचा डबाच की!"

"कसला डबा?"

"दिवाळीत घरी पाहुण्यांची ये-जा असते. कोण आलं, कोण गेलं, आपण काही दारात उभं राहून मोजत नाही. पण संध्याकाळी साखरेचा डबा उघडला की कळतं, चहा किती झाले ते."

लेक सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "आई, हे मी उद्या चहाच्या वेळी सगळ्यांना सांगणार!"

तर मैत्रिणींनो, या डब्याची गोष्ट अशी. 1948 साली श्विंगर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं या जादा भागाच्या निम्म्याचा पहिला हिशेब केला. उत्तर आलं साधारण 0.00116. त्यांच्या थडग्यावरसुद्धा हे सूत्र कोरलेलं आहे. मग म्यूऑनचा आकडा प्रत्यक्ष मोजण्याचे प्रयोग सर्नमध्ये झाले, 1960 आणि 70 च्या दशकांत. पुढं अमेरिकेत ब्रुकहेवनला 15 मीटर व्यासाचं एक गोल चुंबक बांधलं. ते 2013 साली समुद्रातून, नदीतून आणि शेवटी ट्रकवरून शिकागोजवळच्या फर्मीलॅबला नेलं. जरासुद्धा वाकू न देता, महिनाभर प्रवास करून. आपण लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन एसटीनं जातो ना, तसंच समजा!

2021 च्या एप्रिलमध्ये फर्मीलॅबनं आपला पहिला आकडा जाहीर केला. तो जुन्या मोजणीत मिळवला तेव्हा आलं 0.00116592061. आदल्या वर्षी जगभरच्या गणितवाल्यांनी एकत्र बसून काढलेला आकडा होता 0.00116591810. पहिले सात आकडे तंतोतंत सारखे, आणि आठव्यापाशी चुकामूक! तुम्ही-मी म्हणू, एवढ्याशानं काय होतं? पण डबा सांगत होता, साखर हिशेबापेक्षा जास्त गेली आहे. म्हणजे आपल्या यादीत नसलेला कुणी परका पाहुणा येऊन गेला की काय? एखादा नवाच कण? जगभर धावपळ उडाली. तो पाहुणा कोण असेल, कसा असेल, यावर ढीगभर निबंध लिहिले गेले. त्यातले तीन माझ्या लेकीचे.

पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती. दुसऱ्या एका गटानं जुना हिशेब वेगळ्या रीतीनं केला होता. त्या गणितात एक पाहुणा फार अवघड आहे. अणूच्या गाभ्यात जे कण घट्ट बांधलेले असतात, त्यांच्या जातीचा. त्यानं किती साखर घेतली ते सरळ काढता येत नाही. म्हणून इतकी वर्षं दुसऱ्या प्रयोगांतली मोजमापं आणून तो भाग भरत असत. या गटानं जागा आणि काळ यांची एक बारीक जाळी कल्पून, महासंगणकांवर तो भाग मुळापासून मोजला. आणि त्यांचा आकडा प्रयोगाच्या बराच जवळ आला! म्हणजे परका पाहुणा नसेलही. ओळखीचाच पाहुणा एकाऐवजी दीड चमचा घेत असेल.

"मग तुझा तो पाहुणा?" मी विचारलं.

"असेल किंवा नसेल. बघायचं."

तेव्हा मी मनातलं बोलले. "पुरे झालं आता, चल घरी. पुण्याला कॉलेजात शिकव. नसलेल्या पाहुण्यासाठी किती वर्षं ताटं मांडून बसणार आहेस?"

ती चिडली नाही. म्हणाली, "आई, तू लग्न झाल्यापासून जमाखर्चाची डायरी लिहितेस. बेरीज जुळली नाही की काय करतेस?"

मैत्रिणींनो, तुमच्यापासून काय लपवायचं? आपण काय करतो? वाणी, दूध, इस्त्री, पेपर सगळं लिहून झालं आणि तरी वीस-पंचवीस रुपये सापडले नाहीत, की खाली लिहितो 'किरकोळ' आणि डायरी मिटतो. मीही कितीदा तरी लिहिलं आहे. एकदा मात्र, 1998 सालची गोष्ट, 35 रुपये लागत नव्हते. हे म्हणाले, "लिही किरकोळ आणि झोप." मला झोप येईना. रात्री बाराला उठून पुन्हा बेरीज केली, तेव्हा कळलं की इस्त्रीचे पैसे दोनदा लिहिले होते.

"मी जागी होते तेव्हा," लेक म्हणाली. "सहा वर्षांची होते. स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून आले, तर तू डायरीवर वाकून बसली होतीस आणि एकटीच हसत होतीस. आई, आमच्या कामात 'किरकोळ' लिहिता येत नाही. एवढंच आहे आमचं काम."

पिठलं थोडं लागलं त्या दिवशी. आम्ही तसंच खाल्लं.

मी परत आले, एकटीच. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या 25 तारखेला पुण्याच्या रोहिणी गोडबोले गेल्याची बातमी आली. एस. पी. कॉलेजातून आय.आय.टी. मुंबई, मग अमेरिकेत 1979 साली डॉक्टरेट, पुढं बंगळूरला प्राध्यापक, 2019 साली पद्मश्री. त्यांनी भारतीय वैज्ञानिक स्त्रियांच्या आठवणी 'लीलावतीज डॉटर्स' या पुस्तकात 2008 साली एकत्र आणल्या. लेकीनं ते कॉलेजात असताना वाचलं होतं. 'महासममिती' नावाच्या कल्पनेतून निघणाऱ्या कणांवर त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 2004 साली जाडजूड ग्रंथही लिहिला. लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, त्यातले कण सर्नच्या यंत्रात अजून एकही दिसलेले नाहीत. पण कुठं शोधायचं आणि कसं, हे त्यांच्यासारख्यांनी लिहून ठेवलं म्हणून तर 'इथे नाहीत' असं आज ठामपणे म्हणता येतं." मला ते पटायला थोडा वेळ लागला. पण पटलं.

आणि 2025 च्या जूनमध्ये, 3 तारखेला रात्री दहाला फोन वाजला.

"आई, हिशेब जुळला."

फर्मीलॅबचा शेवटचा, सगळ्यांत अचूक आकडा त्या दिवशी जाहीर झाला होता. आणि थोड्याच दिवसांपूर्वी गणितवाल्यांनीही आपला सुधारलेला आकडा काढला होता, या वेळी जाळीवरच्या मोजणीवर विसंबून. दोन्ही आकडे आपापल्या चुकीच्या मर्यादेत जुळत होते.

"अगंबाई, अभिनंदन!" मी ओरडलेच. तिकडून काही आवाज नाही. मग माझ्या लक्षात आलं. हिशेब जुळला म्हणजे परका पाहुणा आलाच नव्हता. तिचे ते तीन निबंध, ती तीन वर्षं!

"रडतेस का गं?"

"थोडीशी. पण आई, बरोबर उत्तर आलं ना. ते महत्त्वाचं."

"आणि आता?"

तिचा आवाज एकदम बदलला. "आता एक वेगळीच गंमत आहे. ती जुनी मोजमापं होती ना, ज्यांवरून आधी हिशेब करत होते, त्यांचं आपसात जुळत नाहीये. नोवोसिबिर्स्कच्या 2023 च्या प्रयोगाचं एक सांगणं, बाकीच्यांचं दुसरं. कुणाची तरी बेरीज कुठंतरी चुकली आहे."

मी डोळे मिटले. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला मला स्पष्ट दिसला.

2025 च्या ऑक्टोबरात ती पुढच्या दोन वर्षांसाठी जर्मनीत गेली. परत आणायचं राहिलं ते राहिलंच. काळजी संपली का? नाही संपली. ह्यांनी मला विचारलं, "मग काय ठरलं म्हणायचं?" मी म्हटलं, "ती बेरीज तपासते आहे. झाली की उठेल." भिशीतही आता मी हेच सांगते. आणि आश्चर्य म्हणजे बायका पुढं 'मग?' विचारत नाहीत. बेरीज न जुळल्याची रुखरुख काय असते ते आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही?

तुम्ही कधी जिनिव्हाला गेलात तर अर्धा दिवस सर्नसाठी राखून ठेवा. ट्रॅममधून उतरल्यावर रस्त्यावरून गेलेला लांब पूल दिसेल, ते सायन्स गेटवे. 2023 च्या ऑक्टोबरात उघडलेलं. प्रवेश फुकट आहे, सोमवारी बंद. मुलांना हाताळून बघण्यासारखं पुष्कळ आहे आणि समजावून सांगायला माणसं असतात; विचारायला लाजू नका. मे महिन्यातही स्वेटर हवाच. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा भाजी, दूध शनिवारीच आणून ठेवा. आपल्याकडचं तूप, पेढे, खवा नेऊ नका, दुधाच्या पदार्थांना तिकडे बंदी आहे. मेतकूट आणि गोडा मसाला न्या. मुलं तोंडानं म्हणतात "कशाला आणलंस", आणि चार दिवसांत डबा रिकामा होतो.